दगडाचे आवतण

दीड वर्षाची एक मुलगी दगडावर बसायला बघते आहे. दगड समोर आहे, हवाहवासा आहे. पण बसायचे तर त्याच्याकडे पाठ करावी लागणार, आणि पाठ केली की दगड दिसेनासा होणार. म्हणून ती त्याच्याभोवती फिरत राहते. इकडून बघते, तिकडून बघते. शेवटी खाली वाकते, डोके दोन्ही पायांच्या मधून घालते आणि दगडावरची नजर न काढता मागे मागे सरकत त्याच्यापाशी पोहोचते. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने हे चित्रीकरण केले आणि १९२९ साली येल विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र परिषदेत दाखवले.

वस्तू माणसाला बोलावते, काहीतरी करायला लावते, या गुणाला लेविन यांनी जर्मनमध्ये एक लांबलचक जोडशब्द वापरला होता. मराठीत मला त्याच्या सर्वांत जवळ ‘आवतण’ वाटते. इंग्रजीत मात्र त्याचे ‘व्हॅलेन्स’ झाले, आणि हा शब्द रसायनशास्त्राच्या घरचा. आपण शाळेत तो ‘संयुजा’ म्हणून शिकलो. एकाच संकल्पनेच्या या शाखा मराठी वाचकाला वेगवेगळ्या नावांनी भेटतात आणि त्यांचे नाते त्याच्या लक्षात येत नाही. या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्याला ते नाते दाखवावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

‘व्हॅलेन्स’च्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बळ. संयुजेत मात्र ‘युज्’ हा धातू आहे, योग आणि संयोग ज्यातून आले तोच. म्हणजे आपल्या परिभाषाकारांनी बळ बाजूला ठेवून जोडणे उचलले. ही निवड मला फार नेमकी वाटते, कारण १८५२ साली एडवर्ड फ्रँकलंड यांना जे दिसले ते हेच होते. सेंद्रिय गट आणि धातू यांची संयुगे तपासताना त्यांच्या ध्यानात आले, की नायट्रोजन, फॉस्फरस, आर्सेनिक यांसारखी मूलद्रव्ये जोडीदार कोणीही असो, ठरावीक संख्येनेच जोडली जातात: कधी तीन, कधी पाच. १८५८ साली केकुले आणि कूपर या रसायनशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे कार्बनचे चार हात सांगितले. हे हात म्हणजे नक्की काय, ते मात्र अर्धशतकाहून अधिक काळ कोणालाच ठाऊक नव्हते. १९१६ साली गिल्बर्ट लुईस यांनी दोन अणूंत वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी पुढे मांडली, तेव्हा त्या हातांना शरीर मिळाले.

भौतिकशास्त्रात शिरताच मोजणी मागे पडते. हिऱ्यातला कार्बन आणि चिपमधले सिलिकॉन, दोघांचीही संयुजा ४, अणूंची रचनाही एकाच घडणीची. तरी हिरा आरपार दिसतो आणि सिलिकॉनचा तुकडा करडा, चकचकीत, अपारदर्शक असतो. कारण घनपदार्थात असंख्य अणूंचे संयुजा इलेक्ट्रॉन मिळून ऊर्जेचा एक पट्टा तयार होतो; त्याच्या वर वहनाचा पट्टा आणि मधे दरी. सिलिकॉनमध्ये ती दरी साधारण १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, हिऱ्यात ५.५ची. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणापाशी फार तर तीनच्या आसपास ऊर्जा असते. सिलिकॉनमधली दरी ओलांडायला ती पुरते, म्हणून तिथे प्रकाश शोषला जातो; हिऱ्यात पुरत नाही, म्हणून तो पलीकडे निघून जातो. संयुजा इथे कोणा एका अणूची राहत नाही, साऱ्या स्फटिकाची होते.

लेविन यांच्याकडे संख्या गेली आणि चिन्ह आले: वस्तू ओढते की दूर लोटते, धन की ऋण. त्यांचे १९२६चे एक उदाहरण आजही पुरते. टपालात टाकायचे पत्र खिशात आहे. रस्त्यातली पहिली टपालपेटी तुम्हाला हाक मारते. पत्र पेटीत पडले, की पुढच्या दहा पेट्या नुसते लाल लोखंड. पेट्या त्याच, बदलली ती तुमची गरज. त्याआधी, १९१७ साली, पहिल्या महायुद्धात सैनिक असतानाच त्यांनी रणभूमीविषयी एक लेख लिहिला होता. आघाडीकडे जाणाऱ्या सैनिकाला भोवतालच्या शिवाराला एकाएकी ‘पुढे’ आणि ‘मागे’ येतात, घरदार आडोसा होते, सामानसुमान सरपण होते. माझ्या मते या विचाराची सुरुवात त्या लेखात आहे.

आजच्या भावनांच्या अभ्यासात व्हॅलेन्स म्हणजे भावनेचा सुखद-दुःखदपणा. जेम्स रसेल यांनी १९८० साली तो एका अक्षावर आणि उत्तेजितपणा दुसऱ्यावर घेऊन भावनांचे वर्तुळ मांडले. मोजायला सोयीचे आहे, पण यात टपालपेटी हरवली याची मला खंत वाटते. चिन्ह आता वस्तू आणि माणूस यांच्या मधे नाही, ते माणसाच्या आत गेले.

राज्यशास्त्रात ते पुन्हा बाहेर आले. मतदार आणि पक्ष एका रेषेवर डावीकडून उजवीकडे उभे असतात, जवळचा पक्ष मत घेतो, हे अँथनी डाऊन्स यांचे १९५७चे चित्र. १९६३ साली डोनाल्ड स्टोक्स यांनी हरकत घेतली: भ्रष्टाचाराच्या बाजूने कोण उभे असते? काही प्रश्नांवर बाजू नसतातच. सगळ्यांना हवे ते एकच असते, वाद एवढाच की ते कोणी दिले आणि कोणी घालवले. हे व्हॅलेन्सचे प्रश्न. मराठीत मी त्यांना ‘एकमुखी प्रश्न’ म्हणतो. यापेक्षा चांगला शब्द मिळाला तर आनंदाने घेईन.

स्टोक्स यांची वर्गवारी हाती आली की प्रत्येक प्रश्नाला चिकटवण्याचा मोह होतो, म्हणून एक उदाहरण देतो. १९९८च्या नोव्हेंबरात दिल्ली विधानसभेची निवडणूक कांद्याच्या भावाने गाजली आणि सत्ताधारी भाजपला ती भोवली. महाग कांदा हवा असे म्हणणारे दिल्लीत कोण होते? प्रश्न एकमुखी होता. तोच कांदा लासलगावच्या बाजार समितीत बघा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत लागल्या आहेत, व्यापारी कांदा हातात घेऊन बोली लावतो आहे, आणि ट्रॉलीशी उभा असलेला शेतकरी क्विंटलचा आकडा ऐकण्यासाठी कान देऊन आहे. त्याला भाव चढाच हवा. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा शहरातल्या गिऱ्हाइकाला जो दिलासा वाटला, तोच नाशिक जिल्ह्यात घाव होता, आणि तिथे लिलाव बंद पाडले गेले. दिल्लीत ज्याला बाजू नव्हत्या, त्याला इथे दोन बाजू आहेत. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा अजून विकायचा आहे की विकून झाला आहे, यावर एकाच शेतकऱ्याची बाजूसुद्धा बदलते.