लहर पोचवण्याचा खर्च

नागपूरहून हैदराबादकडे निघालेल्या महामार्गावर बुटीबोरी लागते. आकाशवाणीने 1988 च्या मे महिन्यात राष्ट्रीय वाहिनी सुरू केली ती इथल्या 1000 किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून, 1566 किलोहर्ट्झवर. देशाच्या मध्यावरची ही जागा विचारपूर्वक निवडली होती. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून पसरतात आणि अंधार पडला की वरच्या आयनांच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणून ही वाहिनी संध्याकाळी सुरू होऊन रात्रभर चाले. त्याच रस्त्याने हिंगणघाट, वडकी, करंजी मागे टाकत शंभर-सव्वाशे किलोमीटर गेले की पांढरकवडा येते, यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्याचे ठाणे. डिसेंबर 2018 मध्ये प्रसार भारतीने खर्चकपातीचे कारण देऊन राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा आदेश काढला. त्यानंतर तीन-चार वर्षांत दूरदर्शनचे जमिनीवरचे ॲनालॉग प्रक्षेपकही जवळपास सगळे बंद झाले आणि मध्यम लहरींचे अनेक जुने प्रक्षेपक सेवेतून काढले गेले.

या घटनांचा इतिहास बहुतेकदा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: जुने तंत्र गेले, नवे आले, चित्र स्वच्छ झाले. केळापूरसारख्या तालुक्यातून पाहिले तर मला तो हिशेबाचा इतिहास वाटतो. ॲनालॉग प्रसारणात संदेश घरापर्यंत पोचवण्याचा जवळजवळ सगळा भार पाठवणाऱ्यावर होता. हजार किलोवॉट वीज बुटीबोरीत जळायची आणि ऐकणाऱ्याला दोन सेल पुरायचे. ऐकणारा कोण, कुठला, त्याने पैसे भरले की नाही, हे लहरीला ठाऊक नसे. रेडिओसाठी परवाना घ्यावा लागण्याचा काळ संपल्यावर तर ते विचारणारेही कोणी उरले नाही. आता हा भार उलटला आहे. छत्री, डब्बा, रिचार्ज, चार्जिंग, टॉवरचा टप्पा या सगळ्याची व्यवस्था ऐकणाऱ्याने करायची आहे. दूरचित्रवाणीच्या बाबतीत हा बदल एकंदरीत लोकांच्या फायद्याचा ठरला. रेडिओच्या बाबतीत तो तोट्याचा आहे, आणि दोन्हींना एकाच फूटपट्टीने मोजल्यामुळे तो तोटा नजरेआड राहिला.

पोचवण्याची जबाबदारी आपली आहे हे सरकारने सुरुवातीपासून गृहीत धरले होते. स्वातंत्र्यानंतर राज्यांनी खेडोपाडी सामुदायिक रेडिओ संच बसवले, ते चावडीवर किंवा शाळेत असत. 1956 मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांच्या श्रोतामंडळांचा प्रयोग केला, तो मुंबई राज्यातल्या पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे खेड्यांत. गावकऱ्यांनी एकत्र ऐकायचे, चर्चा करायची आणि मग काहीतरी करून पाहायचे, असा त्याचा आराखडा होता. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी त्याचे मूल्यमापन केले. जिथे मंडळे होती तिथे लोकांच्या माहितीत ठळक वाढ झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी झाली नाही. केळापूर या प्रयोगात नव्हते, कारण यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तोवर प्रयोग आटोपला होता. पण न्यूराथ यांचा निष्कर्ष इथे महत्त्वाचा आहे, कारण तो माझ्या बाजूला सहज झुकत नाही. लहर पोचली म्हणजे काम झाले, असे तो म्हणत नाही. लहरीभोवती माणसे जमावी लागतात. मात्र माणसे जमण्यासाठी आधी लहर पोचलेली असावी लागते, आणि ती पहिली पायरी तेव्हा सरकारने स्वतःच्या खर्चाने बांधली होती.

या भूगोलाला मध्यम लहर मानवणारी होती. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा तालुका. पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा, अलीकडे टिपेश्वरचे जंगल, मधे कापसाची शेते आणि कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या. कितीतरी पोड मोठ्या रस्त्यापासून आत, टेकडीच्या कुशीत आहेत. एफएम आणि दूरचित्रवाणीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मधे टेकडी आली की त्या अडतात. मध्यम लहर जमिनीच्या चढउताराला धरून पुढे सरकते. तिच्यात खरखर असते, पावसाळ्यात विजा कडाडल्या की ती जास्तच होते, पण बोललेले कळते. नागपूर आकाशवाणी 1948 च्या जुलैत सुरू झाली आणि मराठी बातम्या, बाजारभाव, शेतीविषयक कार्यक्रम मध्यम लहरीवरून विदर्भभर जाऊ लागले. घराच्या छपरावर त्यासाठी काही उभारावे लागत नव्हते.

दूरचित्रवाणीची गोष्ट वेगळी. 1959 मध्ये दिल्लीत आणि 1972 मध्ये मुंबईत आलेले हे माध्यम विदर्भाच्या या टोकाला पोचायला वेळ लागला. 1975-76 चा उपग्रह शिक्षण प्रयोग, ज्याला ‘साइट’ म्हणतात, सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत झाला. शेजारचे आंध्र त्यात होते, महाराष्ट्र नव्हता. 1982 च्या आशियाई खेळांनंतर आणि इन्सॅट-1बी उपग्रहानंतर सरकारने कमी शक्तीचे प्रक्षेपक झपाट्याने उभारले. अशा प्रक्षेपकाचा टप्पा पंधरा-वीस किलोमीटर. तालुक्याच्या गावाला चित्र दिसे, त्यापुढे बांबूला बांधलेला अँटेना फिरवत राहायचे आणि पडद्यावर मुंग्या पाहायच्या. म्हणून ॲनालॉग दूरदर्शन बंद झाल्याने खेड्यांचे नुकसान झाले, असे मी म्हणणार नाही. डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली दूरदर्शनची आजची फ्री डिश उपग्रहावरून येते. तिला केळापूर तालुक्यातले पाटणबोरी आणि पुणे सारखेच. महिन्याचे भाडे नाही, एकदाच खर्च. केबलचे डिजिटलीकरण 2012 ते 2017 या काळात चार टप्प्यांत झाले; नगरपालिकांची गावे तिसऱ्या टप्प्यात आली, खेडी चौथ्यात. 2021 च्या ऑक्टोबरात प्रसार भारतीने सांगितले की मोक्याच्या ठिकाणचे सुमारे पन्नास प्रक्षेपक सोडून बाकीचे मार्च 2022 पर्यंत बंद होतील, तेव्हा खेड्यातला बहुतेक प्रेक्षक छत्रीकडे आधीच वळला होता. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. अमेरिकेने 12 जून 2009 ला मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रसारण थांबवले, त्याआधी घरटी दोनपर्यंत, प्रत्येकी 40 डॉलरची कुपने दिली, जुन्या संचाला जोडायचा डब्बा घेता यावा म्हणून. आपल्याकडे छत्रीचा खर्च त्या त्या घराने सोसला. मोकळ्या झालेल्या लहरी 5जी सारख्या नव्या तंत्राला मिळतील, असेही सांगितले गेले. जगभर दूरचित्रवाणीसाठी वापरला गेलेला 600 मेगाहर्ट्झचा पट्टा 2022 च्या लिलावात ठेवला, तेव्हा त्याला एकही बोली आली नाही.

रेडिओचे आकडे मात्र अस्वस्थ करणारे आहेत. आकाशवाणी वर्षानुवर्षे सांगत आली की तिचा आवाज देशाच्या सुमारे 92 टक्के क्षेत्रफळावर आणि 99 टक्क्यांहून अधिक लोकसंख्येपर्यंत पोचतो. हा पल्ला मुख्यतः मध्यम लहरींचा होता. जानेवारी 2023 मध्ये केंद्राने प्रसारण पायाभूत सुविधांसाठी 2539 कोटी रुपयांची ‘बाइंड’ योजना मंजूर केली. त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार आकाशवाणीच्या एफएमचा पल्ला होता 59 टक्के क्षेत्रफळ आणि 68 टक्के लोकसंख्या. योजना पूर्ण झाल्यावर तो 66 आणि 80 टक्क्यांवर जायचा होता. म्हणजे मध्यम लहरींची जागा एफएमने घ्यायची असेल, तर सगळे ठरल्याप्रमाणे झाले तरी देशाचा तिसरा हिस्सा भूभाग आणि पाचवा हिस्सा माणसे बाहेर राहतात. या बाहेरच्या हिश्शात सपाट, दाट वस्तीचा मुलूख नसणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. प्रसार भारती कायद्याच्या बाराव्या कलमात सर्वदूर प्रसारण पोचवणे, शेती आणि ग्रामविकासाकडे विशेष लक्ष देणे, आदिवासी समाजांचे हित पाहणे ही कर्तव्ये लिहिलेली आहेत. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे म्हटले. त्या मालमत्तेतला वाटा केळापूरच्या पोडाचाही आहे.

यावर पहिला आक्षेप असा की रेडिओ ऐकतो कोण? आक्षेप पोकळ नाही. जनगणनेनुसार 2001 मध्ये देशातल्या 35 टक्के घरांत रेडिओ होता, 2011 मध्ये 20 टक्के; त्याच दहा वर्षांत दूरचित्रवाणी 32 वरून 47 टक्क्यांवर गेली. पण घसरणीचे एक कारण संचातच आहे. स्वस्त मोबाईलमध्ये रेडिओ आला तो एफएमचा. मध्यम लहर त्यावर येत नाही. बाजारातले साधे ट्रान्झिस्टर कमी होत गेले. ऐकायचे साधन हातून गेल्यावर ऐकणारे घटले, यावरून ऐकण्याची गरज संपली असे ठरत नाही. शिवाय सार्वजनिक सेवेचे मोल फक्त रोजच्या गर्दीवर करता येत नाही. आडवळणाच्या आरोग्य उपकेंद्रात रोज किती लोक येतात हे मोजून आपण ते बंद करत नाही; वेळप्रसंगी ते असणे हेच त्याचे काम असते.

दुसरा आक्षेप मोबाईलचा, आणि तो अधिक वजनदार आहे. आकाशवाणीचे ॲप आहे, सरकार 2013 पासून एमकिसान या सेवेवरून शेतकऱ्यांना संदेश पाठवते, 2023 मध्ये एकाच वेळी सगळ्या मोबाईलवर इशारा पाठवण्याच्या चाचण्याही झाल्या. हे सगळे उपयोगी आहे आणि वाढायला हवे. पण 2017 चा पावसाळा आठवावा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचा जीव गेला, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूरही होते. रेडिओने ते वाचले असते असा दावा मी करत नाही; हातमोजे, मुखवटे, औषधांची विक्री, कपाशीची वाढलेली उंची अशी कारणे त्यात गुंतली होती. मुद्दा इतकाच की नोंदणीवर चालणारा संदेश नोंद झालेल्या शेतकऱ्याला जातो, आणि पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराची त्या यादीत नोंद असेलच असे नाही. प्रसारणाला यादी लागत नाही. इशाऱ्याचा संदेशही टॉवर चालू आणि हातातला फोन चार्ज असेल तरच येतो. पुरात किंवा वादळात वीज जाते तेव्हा नेमके हेच दोन्ही आधी अडतात.

विजेच्या उधळपट्टीचा आक्षेप मला मान्य आहे. जुने मोठे प्रक्षेपक वीज खातात, त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, आणि राष्ट्रीय वाहिनीवर हिंदी, इंग्रजी, उर्दूचा भर असल्याने केळापूरच्या शेतकऱ्याच्या रोजच्या उपयोगाचे तिच्यात थोडेच होते. ती वाहिनी त्याच रूपात टिकवायला हवी होती, असे म्हणणे प्रामाणिक होणार नाही. पण कमी विजेत डिजिटल मध्यम लहर चालवणारे डीआरएम तंत्र आकाशवाणीने घेतले, 35 ठिकाणी प्रक्षेपक बसवले, आणि ते ऐकायला परवडणारे संच बाजारात आणण्याकडे मात्र दुर्लक्ष झाले. पाठवण्याच्या टोकाला पैसा गेला आणि ऐकण्याच्या टोकाला काहीच पोचले नाही. चावडीवर संच बसवणाऱ्या पिढीने हे दुसरे टोक विसरले नव्हते.

भाषेच्या बाबतीत ॲनालॉग काळाचे कौतुक करता येत नाही. 2011 च्या जनगणनेत कोलामी बोलणारे सव्वा लाखाच्या आसपास होते. महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी कोलाम ही एक. त्यांच्यापर्यंत लहर पोचत होती, पण ती बोलायची मराठीत किंवा हिंदीत. नदीपलीकडे आदिलाबाद आकाशवाणीवरून गोंडीत कार्यक्रम झाले आहेत; राज्याच्या सीमेवर लहर थांबत नसल्यामुळे अलीकडच्या गोंड घरांतही ते ऐकू येऊ शकतात. जे आदिलाबादला जमले ते यवतमाळच्या एफएम केंद्रावरून कोलामीत करायला नवे तंत्र लागत नाही, निवेदक लागतात, आणि ते इथेच मिळतील.

नॉर्वेने 2017 मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम बंद केले, त्याआधी तिथल्या संसदेने अटी घातल्या होत्या. सार्वजनिक वाहिनीचा डिजिटल पल्ला जुन्या एफएमइतका झाल्याशिवाय बटण दाबायचे नाही, ही त्यातली एक. आपल्याकडे अशी अट घालायची तर केळापूर हे मोजणीला योग्य ठिकाण आहे. पांढरकवड्याला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि पोडांची यादी त्यांच्याकडे आहे. एफएमचा संच घेऊन प्रत्येक पोडात एकदा दिवसा आणि एकदा रात्री काय ऐकू येते ते नोंदवावे. जिथे काहीच येत नाही, तिथे बाइंड योजनेत दुर्गम आणि आदिवासी भागांसाठी ठरवलेल्या आठ लाख मोफत डब्ब्यांतले डब्बे आधी द्यावेत. फ्री डिशवर आकाशवाणीच्या वाहिन्याही येतात. छत्री एका घरावर न लावता समाजमंदिरावर लावली तर संध्याकाळी पोडाला एकत्र बसून ऐकता येईल. ही नोंद हातात येईपर्यंत नागपूरची मध्यम लहर बंद करण्याचा निर्णय घेऊ नये.