फाशांची गोष्ट पडद्यावर

आपल्या गावात कीर्तनकार येतात, आख्यान लावतात, आणि ऐकणारा प्रत्येक जण मनातल्या मनात आपापला प्रसंग उभा करतो. समजा, उद्या त्याच आख्यानाचा चित्रपट निघाला. आपण तो पाहू, वाहवाही करू; पण घरी येताना कुणीतरी म्हणेलच, ‘आमच्या मनातला हा नव्हे!’ हे असे का होते, याचा एक बोलका इतिहास आज सांगायचा आहे. तो आहे अमेरिकेतला, आणि आहे एका खेळाचा. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे ‘तळघरे आणि ड्रॅगन’.

या खेळाची पाळेमुळे शोधू गेल्यास एक मूळ आपल्या देशापर्यंत येते. भारतातले चतुरंग इराणमार्गे युरोपात गेले व तेथे बुद्धिबळाचा आजचा डाव घडला. १७८० मध्ये जर्मनीत हेल्विग नावाच्या पंडिताने बुद्धिबळावरून युद्धाचा खेळ रचला. १८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने त्याच धर्तीचा खेळ सैन्याच्या शिक्षणासाठी सिद्ध केला. त्यात एक पंच असे. फासे टाकून व नियम पाहून तो लढाईचा निकाल सांगे. पुढे असे युद्धखेळ हौशी लोकांत पसरले.

अशाच हौशींपैकी दोघे म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. गायगॅक्स विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावी राहत. विमा कंपनीतली नोकरी सुटल्यावर ते जोडे दुरुस्त करून संसार चालवीत. या दोघांनी १९७४ मध्ये आपला खेळ छापला. पहिल्या खेपेस अवघे १,००० संच निघाले, तेही घरी बसून जुळवलेले.

खेळ असा : टेबलाभोवती चारसहा जण बसतात. एक जण कथेकरी. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. कथेकरी म्हणतो, ‘समोर अंधारी गुहा आहे, काय करता?’ ज्याने त्याने आपले उत्तर द्यायचे. बेत फत्ते झाला की फसला, हे पुष्कळदा वीस पैलूंचा फासा ठरवतो. हारजीत नाही, ठरलेला शेवट नाही. गोष्ट बसणाऱ्यांनीच घडवायची; म्हणून ती त्यांचीच होते. पुढे जे घडले त्याची किल्ली येथे आहे.

पडद्यावर या खेळाची छाया प्रथम पडली ती भीतीच्या रूपाने. १९७९ मध्ये मिशिगनमधील एक विद्यार्थी नाहीसा झाला. खेळाच्या नादात तो भुयारांत हरवला, अशी वदंता उठली. मुलगा पुढे सापडला. त्याच्या दुःखाची कारणे वेगळीच होती. तथापि त्या वदंतेवर कादंबरी निघाली आणि १९८२ मध्ये दूरचित्रवाणीवर चित्रपट आला, ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’. नायक होता तरुण टॉम हँक्स. खेळामुळे मुलाचे डोके फिरते, असा त्याचा आशय. घरोघर आईबाप धास्तावले. काही ठिकाणी खेळाची पुस्तके फेकली गेली. त्या पिढीचे खेळाडू आज पन्नाशी-साठी गाठत आहेत, आणि त्यांच्या आठवणीत हा चित्रपट आहे तो ‘आपल्याला न विचारता आपल्याविषयी सांगितलेली गोष्ट’ म्हणून.

लगेच १९८३ मध्ये त्याच नावाची व्यंगचित्रमालिका सुरू झाली. सहा मुले जत्रेतल्या पाळण्यासारख्या गाडीत बसतात आणि भलत्याच जगात जाऊन पडतात. घरी परतण्याची वाट ती शोधत राहतात. १९८५ मध्ये सत्तावीस भागांनंतर मालिका बंद पडली, अन् मुले घरी पोचलीच नाहीत! ब्राझीलमध्ये ही मालिका पोर्तुगीज भाषेत अतोनात लोकप्रिय झाली. शेवटच नाही म्हटल्यावर लोकांनी तो आपणच रचला : मुले खरे म्हणजे मेलेलीच आहेत, अशी अफवा वर्षानुवर्षे फिरली. लेखक मायकेल रीव्हज यांनी शेवटचा भाग लिहून ठेवला होता, पण तो चित्रित झाला नव्हता. अफवा खोटी आहे हे त्यांना जाहीरपणे सांगावे लागले. पुढे २००६ मध्ये त्या संहितेचे ध्वनिनाट्य तयार झाले. पडद्याने अर्धवट सोडलेली गोष्ट शेवटी कानांनी पुरी करून घेतली, हे आपणा रेडिओवाल्यांना सुखावणारे आहे.

चित्रपटगृहातला खरा चित्रपट आला डिसेंबर २००० मध्ये. दिग्दर्शक कोर्टनी सॉलोमन यांनी विशीत असतानाच हक्क मिळवून दहाएक वर्षे खटपट केली होती. खर्च सुमारे साडेचार कोटी डॉलर. वसुली त्याहून कमी. खेळाडू मोठ्या आशेने गेले आणि हिरमुसून परतले. खेळात ‘बिहोल्डर’ नावाचा अनेक डोळ्यांचा एक राक्षस आहे. त्याचे नाव निघताच टेबलाभोवती सगळे गप्प होतात. चित्रपटात तो पहारेकरी, आणि एक खडा फेकताच फसून दुसरीकडे जातो! हा खडा लोक अजून विसरलेले नाहीत. पण गंमत अशी की, त्याच चित्रपटावर आता लोभही जडला आहे. जेरेमी आयर्न्स या थोर नटाचा आरडाओरडा, खलनायकाच्या सेवकाचे निळे ओठ यांची नक्कल करीत मित्रमंडळी पुन्हा तो पाहते. फसलेला बेतही एकत्र आठवला की गोड लागतो.

२०२३ मध्ये नवा चित्रपट आला, ‘ऑनर अमंग थीव्ह्ज’. दोघा दिग्दर्शकांना या खेळाची चांगली ओळख होती. एका प्रसंगी एक वीर पूल ओलांडण्याचे किचकट नियम गंभीरपणे समजावत असतो; इतक्यात दुसऱ्याचा पाय चुकून पडतो आणि पूलच कोसळतो. इतरांना हा विनोद वाटला. खेळणाऱ्यांना मात्र आपला कथेकरी आठवला, ज्याने चार रात्री जागून रचलेले कोडे एका गड्याने क्षणात धुळीस मिळवले होते. याच चित्रपटातील चक्रव्यूहात जुन्या मालिकेतील ती सहा मुले, आता मोठी झालेली, क्षणभर दिसतात. पुष्कळ प्रौढांचे डोळे तेथे पाणावले. गल्ला फार मोठा झाला नाही. तरी ‘हा आमचा’ असे खेळाडू म्हणाले. गायगॅक्स २००८ मध्ये आणि आर्नेसन २००९ मध्ये वारले. हा दिवस पाहायला ते नव्हते.

शिक्षकबंधूंनी व भगिनींनी या हकिकतीतून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पोरांच्या नव्या खेळाची भीती वाटली, तर अफवेवर विसंबण्याआधी त्यांच्याजवळ बसून एक डाव पाहावा. आणि वर्गात गोष्ट सांगताना मध्येच थांबून विचारावे, ‘आता तुम्ही काय केले असते?’ ज्या गोष्टीत मुलाने आपला एक शब्द घातला, ती त्याची होते. मग तिच्यावर चांगले-वाईट कितीही चित्रपट निघोत, पहिली प्रत त्याच्यापाशीच राहते.