साता समुद्रांपलीकडून शहाद्यापर्यंत

नोव्हेंबर १९९७ च्या अखेरीस तीन अमेरिकन पक्षिनिरीक्षक धुळे जिल्ह्यातील शहादा परिसरात दाखल झाले. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ही त्यांची नावे. खानदेशात परदेशी पाहुणा येतो तो बहुधा अजिंठ्याच्या वाटेवर, जळगाव रेल्वे स्थानकापुरता. शहाद्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी पसरलेल्या विरळ सागवनात पायपीट करण्यासाठी कोणी अमेरिकेहून यावे, याचे स्थानिकांना नवल वाटले असल्यास ते स्वाभाविकच होते. ही मंडळी आली होती ती एका वीतभर घुबडासाठी. ११३ वर्षांत एकाही अभ्यासकाने ते जिवंत पाहिल्याची विश्वासार्ह नोंद नव्हती आणि अनेकांच्या लेखी ते नामशेष झाले होते. २५ नोव्हेंबरच्या सकाळी ते एका निष्पर्ण झाडावर उन्हात बसलेले आढळले. (शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला.)

हा पक्षी म्हणजे रानपिंगळा. गावाकुसाला, आंब्या-चिंचेच्या ढोलीत राहणारा आणि तिन्हीसांजेला कलकलाट करणारा साधा पिंगळा सर्वांच्या परिचयाचा आहे. पहाटे दारी येऊन त्याच्या बोलीवरून भविष्य सांगणारा पिंगळा जोशीही जुन्या पिढीला आठवत असेल. रानपिंगळा त्याच कुळातला, पण काहीसा थोराड. लांबी सुमारे २३ सेंटिमीटर. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, करड्या-तपकिरी रंगाचे दिसते. पंख आणि शेपटीवर रुंद पट्टे, छातीवर गडद तपकिरी पट्टा, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा आणि पाय पिसांनी भरगच्च झाकलेले, ही त्याची आणखी लक्षणे. नखे दणकट असतात. विशेष म्हणजे हे घुबड दिवसाढवळ्या शिकार करते. सरडे, पाली, उंदीर, नाकतोडे असे भक्ष्य टिपण्यासाठी ते उघड्या फांदीवर बसून शेपटी झटकत राहते. असा दिवसा दिसणारा पक्षी शतकाहून अधिक काळ दृष्टीआड राहिला, याचे कारण त्याच्या दुर्मीळतेइतकेच माणसांच्या व्यवहारातही दडलेले आहे.

त्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे सनदी अधिकारी पक्ष्यांच्या नादाने झपाटलेले होते. देशभर विखुरलेल्या महसूल, वन, लष्कर आणि रेल्वे खात्यांतील हौशी निरीक्षकांना त्यांनी पत्रव्यवहाराने एकत्र बांधले. यांतील कित्येकांनी एकमेकांना कधी पाहिलेही नव्हते. एखादा मुलतानात, दुसरा मलबारात, तर तिसरा ब्रह्मदेशाच्या सीमेवर. तरीही कोणी काय पाहिले, कोठे पाहिले, अंडी किती होती, याची चर्चा टपालाने अखंड चाले. पक्ष्यांची कातडी पार्सलने सिमल्याला ह्यूम यांच्या डोंगरावरील घरी जात, आणि टिपणे त्यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापून येत. आज संगणकाच्या पडद्यावर जुळणाऱ्या छंदबंधुत्वाचा हा टपालयुगातील अवतार म्हणता येईल. या मंडळातील एफ. आर. ब्लुइट यांना १८७२ मध्ये फुलझर भागात, म्हणजे आजच्या छत्तीसगड-ओडिशा सीमेलगत, एक अनोळखी घुबड मिळाले. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ब्लुइट यांचेच नाव दिले. १८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना ओडिशातील खरियारजवळ दुसरा नमुना मिळाला.

यानंतर या कथेत खानदेश येतो. त्या काळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून एकच खानदेश जिल्हा होता व त्याचे मुख्यालय धुळ्यास होते. पूर्व आणि पश्चिम खानदेश अशी वाटणी १९०६ मध्ये झाली. या जिल्ह्यात नेमणुकीस असलेले जेम्स डेव्हिडसन हे सनदी अधिकारी ह्यूम यांच्या मंडळातील चिकाटीचे सदस्य होते. फिरतीवर असताना त्यांनी पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची सविस्तर यादी तयार केली. ती 'स्ट्रे फेदर्स'मध्ये प्रसिद्ध झाली. शहादा-तळोद्याकडील जंगलात त्यांना रानपिंगळा एकदा नव्हे, अनेकदा आढळला आणि त्यांनी त्याचे नमुने जमवले. जगभरच्या संग्रहालयांत या पक्ष्याचे मिळून अवघे सात नमुने होते. त्यांतील बहुतेक डेव्हिडसन यांच्या हातचे. अखेरची खरी नोंद १८८४ ची. पुढे डेव्हिडसन यांची बदली झाली, ह्यूम यांनी आपला अफाट संग्रह ब्रिटिश संग्रहालयाला दिला, 'स्ट्रे फेदर्स' बंद पडले आणि रानपिंगळ्याचे नाव केवळ ग्रंथांत उरले.

एक नोंद मात्र नंतरची होती आणि तीच घातक ठरली. कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन हे ब्रिटिश सैन्यातील गाजलेले अधिकारी आणि नामांकित पक्षितज्ज्ञ. त्यांनी आपला सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह १९५४ मध्ये लंडनच्या संग्रहालयास अर्पण केला. त्यात रानपिंगळ्याचा एक नमुना होता. त्यावरील चिठ्ठीनुसार तो १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी येथे मिळालेला होता. मांडवी तापीच्याच काठी, पण खानदेशाच्या बरीच पश्चिमेला. सर्वांत अलीकडची नोंद म्हणून अभ्यासकांनी तिच्यावर भिस्त ठेवली. डॉ. सालिम अली आणि अमेरिकन पक्षितज्ज्ञ एस. डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनी रानपिंगळ्याचा मागोवा घेतला, पण हाती काही आले नाही. जेथे पक्षी मिळाल्याचे लिहिले होते तेथे तो नाही, म्हणजे संपलाच, अशी समजूत दृढ होत गेली.

याच माइनर्टझागेन यांच्यासमवेत सालिम अली १९३७ मध्ये अफगाणिस्तानच्या डोंगराळ मुलखात पक्षिनिरीक्षणासाठी गेले होते. एका छंदापायी दोन भिन्न देशांची, भिन्न स्वभावांची माणसे परक्या भूमीवर एकत्र आली होती. त्या सहवासाच्या कडू-गोड आठवणी सालिम अलींनी आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने नोंदवल्या आहेत. छंदाच्या जगात ओळखपाळख फार झपाट्याने होते आणि विश्वासही चटकन बसतो. समोरच्याने अमुक पक्षी अमुक ठिकाणी पाहिला म्हटले की तो खरेच बोलत असणार, हे गृहीत असते. हा सारा व्यवहारच त्या गृहीतावर उभा आहे. माइनर्टझागेन यांनी नेमका त्याचाच गैरफायदा घेतला.

हे उघडकीस आणले ते रासमुसेन यांनी. त्या रिप्ले यांच्या दक्षिण आशियाई पक्ष्यांवरील ग्रंथासाठी काम करीत होत्या. हा ग्रंथ पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जुने नमुने तपासताना त्यांना माइनर्टझागेन संग्रहातील चिठ्ठ्यांबद्दल शंका येऊ लागली. पक्ष्याचे कातडे सोलून त्यात कापूस भरण्याची प्रत्येक संग्राहकाची स्वतंत्र धाटणी असते. शिंप्याची शिवण ओळखू यावी तशी ती जाणत्याला ओळखू येते. मांडवीच्या त्या रानपिंगळ्याचे क्ष-किरण छायाचित्र घेतले तेव्हा मूळ भरण काढून तो नव्याने भरल्याचे दिसले. शिवाय डेव्हिडसन यांच्या कामाच्या खुणा त्यात शिल्लक होत्या. म्हणजे डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला नमुना लंडनच्या संग्रहालयातून उचलून, त्याची डागडुजी करून, खोटे गाव आणि खोटी तारीख लावून तो पुन्हा त्याच संग्रहालयाला 'भेट' देण्यात आला होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांचा यासंबंधीचा शोधनिबंध 'आयबिस' या नियतकालिकात १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. या लबाडीची झळ इतरही अनेक पक्ष्यांच्या नोंदींना लागली आहे आणि त्या संग्रहातील कोणती चिठ्ठी खरी मानावी, हा प्रश्न संशोधकांना पडतो.

मांडवी बाद झाल्यावर प्रश्न सोपा झाला. आता ब्लुइट, बॉल आणि डेव्हिडसन यांनी सांगितलेल्या जागाच तेवढ्या उरल्या. १९९७ च्या मोहिमेत तिघांनी आधी पूर्वेकडील जुनी ठिकाणे धुंडाळली, पण तेथे रानपिंगळा दिसला नाही. मग ते खानदेशात आले. किंग हे अनेक वर्षे आशियाभर पक्षिसहली नेणारे अनुभवी निरीक्षक. त्यांची नजर प्रथम त्या झाडाकडे गेली. रासमुसेन यांनी संग्रहालयांतील मेलेले नमुने इतके बारकाईने अभ्यासले होते की जिवंत पक्षी समोर दिसताच ओळख पटायला वेळ लागला नाही. बिनठिपक्यांचे डोके, पांढरे पोट, पिसांनी जाड दिसणारे पाय, सारे जुळत होते. छायाचित्रे आणि चित्रफीत घेण्यात आली. पुढच्या वर्षी 'फोर्कटेल' या नियतकालिकात वृत्तांत छापून आला आणि शहाद्याचे नाव जगभरच्या पक्षिप्रेमींच्या तोंडी झाले. डेव्हिडसन यांनी जे लिहून ठेवले ते शंभरावर वर्षांनंतरही अक्षरशः खरे ठरले, हे या घटनेतील सर्वांत समाधानाचे होय.

त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी १९९८ पासून पद्धतशीर पाहणी केली. तळोदा आणि तोरणमाळच्या जंगलांबरोबरच मध्य प्रदेशातील खकनार आणि विदर्भातील मेळघाट येथेही रानपिंगळा आढळला. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यातही त्याच्या नोंदी आहेत. २०१४ मध्ये मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात तो दिसला, तेव्हा पक्षिमित्रांमध्ये मोठीच खळबळ उडाली. गुजरातेतील डांगच्या जंगलातूनही पुढे नोंदी आल्या. खोटी चिठ्ठी लावणाऱ्याने गुजरातचे नाव घेतले ते योगायोगाने अगदीच चुकीचे नव्हते, असे आज म्हणता येईल. तथापि त्यामुळे ती चिठ्ठी खरी ठरत नाही.

एवढ्या ठिकाणी आढळूनही त्याची संख्या अल्पच आहे. 'बर्डलाइफ इंटरनॅशनल'च्या अंदाजानुसार जगात २५० ते ९९९ प्रौढ रानपिंगळे असावेत. हे सारे मध्य आणि पश्चिम भारतातच. पूर्वी अतिसंकटग्रस्त गणला जाणारा हा पक्षी नव्या नोंदींमुळे संकटग्रस्त या एका पायरीने खालच्या वर्गात आला आहे.

महाराष्ट्रात पक्षिमित्रांची संमेलने १९८१ पासून भरत आली आहेत. आता महाजालामुळे नंदुरबारचा शिक्षक आणि नेदरलँड्समधील अभियंता एकाच पक्ष्याच्या आवाजावर चर्चा करू शकतात. ओळख आधी पडद्यावर होते, मग कधीतरी एखाद्या डोंगराच्या पायथ्याशी पहाटे पाच वाजता प्रत्यक्ष भेट. भारतात येणाऱ्या परदेशी छंदिष्टांच्या यादीत रानपिंगळा वरच्या क्रमांकावर असतो. परंतु मुंबई विमानतळाहून तानसा जवळ, आणि मेळघाटात निवास-वाटाड्यांची सोय चांगली. त्यामुळे ज्या मुलखाने या पक्ष्याला दोनदा प्रकाशात आणले, त्या खानदेशाकडे पाहुण्यांची पावले क्वचितच वळतात.

येऊ पाहणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. तोरणमाळचे पठार सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. तेथील यशवंत तलाव, सीताखाई आणि महाशिवरात्रीची यात्रा प्रसिद्ध असली, तरी रानपिंगळा त्या उंचीचा रहिवासी नाही. तो पायथ्याच्या, मोकळ्या सागवनात शोधावा लागतो. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार किंवा दोंडाईचा येथे उतरून शहादा गाठता येते. यावलसाठी जळगाव किंवा भुसावळहून रस्ता आहे. सागाची पाने झडू लागली की पक्षी दिसणे सुकर होते, पण ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत त्याच्या विणीचाही काळ असतो. ध्वनिमुद्रित साद वाजवली की तो चटकन उत्तर देतो आणि हद्द राखण्यासाठी जवळ येतो. छायाचित्रासाठी ही युक्ती सर्रास वापरली जाते. वारंवार असे केल्यास त्याचा शिकारीचा आणि पिलांना भरवण्याचा वेळ वाया जातो. ढोलीची नेमकी जागा जगजाहीर करणे तर टाळायलाच हवे. अभयारण्यात वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या सोबत असणे श्रेयस्कर.

या पाहुण्यांपेक्षा कितीतरी मोठा प्रश्न जंगलाचा आहे. शहादा-तळोद्याकडील सागवन वृक्षतोडीने आणि शेतीच्या विस्ताराने आक्रसत गेले. येथील भिल्ल आणि पावरा कुटुंबांची उपजीविका याच जमिनीवर अवलंबून आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनींवरील त्यांच्या दाव्यांना कायदेशीर आधारही मिळाला. त्यामुळे कुंपण घालून पक्षी वाचवण्याचा सोपा मार्ग येथे उपलब्ध नाही. रानपिंगळ्याला दाट अरण्यही नको असते. शेताच्या कडेची उघडी जागा त्याला चालते, मात्र ढोली असलेली जुनी, जाड खोडाची झाडे हवीत. सागाचे खोड ढोली धरण्याइतके जुने व्हायला कित्येक दशके लागतात, आणि लाकूडतोड्याची नजर प्रथम जाते तीही अशाच झाडावर. घुबडाबद्दलच्या अंधश्रद्धा, गलोलीने होणारी शिकार आणि शेतातील उंदीरनाशके यांची भर त्यात पडते. पायथ्याच्या पाड्यांवरील मुलांना साधा पिंगळा कोणता आणि रानपिंगळा कोणता, हे शाळेतच सांगितले, तर निदान गलोलीचा नेम चुकवता येईल.