मथुरेची वाट आणि अडकलेली माणसं

पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि जुन्नर-आंबेगावच्याच नव्हे, तर लांबलांबच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. जवळच खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या अँटेना आहेत. 19 ऑक्टोबर 2016 रोजी मंगळावर उतरणाऱ्या स्कियापरेली यानाचा क्षीण संदेश इथे टिपला गेला होता.

अंतराळाची गोष्ट निघाली की आठवते ती अंतराळयानात अडकलेल्या विजोड सोबत्यांवरची बीबीसीची विनोदी मालिका 'रेड ड्वार्फ'. तिच्या 1989 मधल्या एका भागात लिस्टर आणि रिमर बर्फाळ ग्रहावर अडकतात. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोघे सुटका नाही म्हणून बोलत बसतात, आणि हसू येतं ते त्या बोलण्याचं.

तमाशाची गवळण नेमकी याच सूत्रावर उभी आहे, आणि ती कितीतरी जुनी. गौळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण वाट अडवून दाण मागतो. त्याच्यासोबत लंगडा, बोबडा पेंद्या. गौळणींच्या पुढे मावशी. मावशी म्हणजे सोंगाड्याच. उपरणं पदरासारखं डोक्यावर घेतलं, कमरेवर हात ठेवला, की पुरुषाची मावशी झाली! दही-दूध राहतं बाजूला आणि सवाल-जवाब रंगतात. रोज तीच पात्रं, तीच अडलेली वाट. बोलणं मात्र रोज नवं. विनोदी संवादांच्या बतावणीलाही लिहिलेली संहिता नसे. ज्या गावात खेळ, त्या गावचा सरपंच आणि तिथला खड्ड्यांचा रस्ता सोंगाड्याच्या तोंडी येई. असं हजरजबाबी लेखन जागच्या जागी करणारा हा कलावंत लेखकच होता. त्याला तो मान कधी मिळाला नाही, हा अन्याय आहे.

फडाचा संसारही असाच विजोड माणसांचा. नाचणाऱ्या बाया, ढोलकीवाला, सोंगाडे, आचारी, ट्रकचालक असे सगळे दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत एकत्र राहतात, एकत्र जेवतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच संसारात वाढल्या. 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. खेळ चालू असताना कळा आल्या, पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिगत या भागात आजही सांगतात.

25 मार्च 2020 ला, ऐन गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी सुरू झाली. यात्रा रद्द, सुपाऱ्या बुडाल्या. फडांचा कमाईचा हंगामच गेला.

यात्रा पुन्हा भरू लागल्या आहेत. पण सिनेमाच्या गाण्यांच्या फर्माइशींपुढे गवळण आणि बतावणी आखूड होत चालली आहे. यात्रा कमिट्यांनी सुपारी देतानाच पुरी गवळण मागून घ्यावी, आणि प्रेक्षकांनी सुरुवातीच्या गणाच्या आधी येऊन जागा धरावी.