दोन रोग, दोन रांगा

प्रभादेवी स्टेशनावर (२०१८ पर्यंत त्याचे नाव एल्फिन्स्टन रोड होते आणि आम्हा जुन्या मंडळींच्या तोंडी अजून तेच येते) परळच्या बाजूस उतरले की टाटा इस्पितळ, के.ई.एम. आणि हाफकिन संस्था ही तिन्ही पायी गाठता येतात. टाटा इस्पितळ २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. डॉ. खानोलकरांनी तेथे तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध अभ्यासला. त्यामुळे कर्करोग हा शब्द गिरणगावाला नवा नाही. एच.आय.व्ही. हा मात्र पुढे आलेला पाहुणा, आणि या दोहोंचे नाते काय, हे फारसे कोणी सांगत नाही.

वास्तविक एड्सच्या अगदी सुरुवातीच्या खुणांपैकी एक कर्करोगाची होती. ३ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील आरोग्य खात्याने २६ पुरुषांची हकीकत छापली. त्यांना कापोसी सार्कोमा हा एरवी दुर्मिळ असणारा कर्करोग झाला होता. रोगाला एड्स हे नाव १९८२ मध्ये मिळाले. आमच्याकडे त्याच वर्षीच्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. हा निव्वळ योगायोग. परंतु १९८६ मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन यांनी भारतातील पहिली लागण उजेडात आणली, तेव्हा इथले हजारो कामगार कामावाचून बसले होते. आणि काम गेले की कामगार विम्याचे कार्डही जाते, हे ध्यानात ठेवा.

एच.आय.व्ही. स्वतः गाठ निर्माण करीत नाही. तो फाटकावरचा दरवान गारद करतो. मग शरीरात आधीपासून दबा धरून बसलेले दुसरे विषाणू मोकळे सुटतात. कापोसीचा विषाणू १९९४ मध्ये सापडला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एच.पी.व्ही.मुळे होतो. २००८ चे वैद्यकाचे नोबेल अर्धे त्या शोधाला आणि अर्धे एच.आय.व्ही.च्या शोधाला मिळाले. दोन्ही रोग एका व्यासपीठावर आले ते असे, स्टॉकहोमला!

परंतु अमेरिकेचे चित्र जसेच्या तसे परळला लागू पडत नाही. टाटा इस्पितळातील २००१ ते २००५ या काळातील एच.आय.व्ही.बाधित कर्करुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कापोसीचा रुग्ण आढळला नाही. लिम्फोमा आणि स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचे प्रमाण मात्र वाढलेले दिसले.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने एच.आय.व्ही.ची औषधे मोफत देण्यास आरंभ केला. माणसे जगू लागली. औषधांनी दरवान पुन्हा उभा राहतो आणि लिम्फोमाचा धोका पुष्कळ उतरतो. गर्भाशयमुखाच्या बाबतीत तेवढे होत नाही. अशा स्त्रीला हा कर्करोग होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सहापट असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून तिची तपासणी पंचविसाव्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी व्हावी. तपासणी अवघड नाही. टाटा इस्पितळाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून साध्या व्हिनेगरने, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्तींकरवी ती केली, आणि या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये जगाला दाखविले.

मग अडते कुठे? माझ्या मते, रांगेत. गोळ्यांची रांग एकीकडे, तपासणीची दुसरीकडे, आणि दुसऱ्या रांगेसाठी पुन्हा रजा. रजा म्हटली की कारण विचारतात. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला केवळ एच.आय.व्ही.मुळे नोकरी नाकारता येत नाही. तो अर्जदार एक हंगामी मजूर होता. नाव लपवूनच त्याला लढावे लागले. पुढे कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. तरीही सफाईच्या कंत्राटावरील बाई मुकादमापुढे तोंड उघडत नाही, कारण उद्याची हजेरी त्याच्याच हातात असते. आमच्या मागणीपत्रात म्हणून आम्ही एक कलम घालतो: आरोग्य तपासणीसाठी वर्षातून दोन अर्धे दिवस, भरपगारी, कारण न विचारता. मालक पगारवाढीवर बोलायला बसतात. या कलमातील शेवटच्या तीन शब्दांवर मात्र प्रत्येक वेळी अडून राहतात.