456 खुर्च्यांचं व्यासपीठ

1 मे 2018. बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसजवळ एका दर्शिनीत तुम्ही उभ्याउभ्याच इडली-वडा खाताय. तिकडे महाराष्ट्र दिन. इकडे कर्नाटक विधानसभेचं मतदान 11 दिवसांवर आलंय. भिंतीवरच्या टीव्हीवर चामराजनगर जिल्ह्यातली सभा सुरू आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी राहुल गांधींना आव्हान देताहेत : कर्नाटक सरकारच्या कामगिरीवर 15 मिनिटं बोलून दाखवा, हातात कागद न घेता, हिंदीत, इंग्रजीत किंवा मातृभाषेत, आणि विश्वेश्वरय्यांचं नाव पाच वेळा घ्या. दर्शिनीत हशा पिकतो. पाठोपाठ मुख्यमंत्री सिद्धरामय्यांचं उलट आव्हान येतं : भाजपच्या येडियुरप्पा सरकारच्या कामगिरीवर तुम्ही 15 मिनिटं बोला, हवं तर कागद बघून बोला.

पुन्हा हशा. दोन दृश्यं शेजारी-शेजारी चिकटवून वाहिनी दिवसभर त्याला ‘सामना’ म्हणणार. प्रत्यक्षात दोघांपैकी कोणीही दुसऱ्यासमोर उभं राहिलेलं नाही. 15 मिनिटं कोण मोजणार, उत्तराला उत्तर देण्याची पाळी कोणाची, हे ठरलेलं नाही, आणि ते ठरवणारंही कोणी नाही.

समजा, हे ठरवण्याचं काम तुमच्याकडे आलं. सगळे उमेदवार एका व्यासपीठावर, समोर कॅमेरा, आणि कोणालाही ‘आमच्यावर अन्याय झाला’ म्हणायला जागा नाही, अशी चर्चा घडवायची. त्यासाठी आधी थोडी भटकंती करा.

पहिला मुक्काम शिकागो, 26 सप्टेंबर 1960. टीव्ही स्टुडिओत दिव्यांचा उकाडा आहे. गुडघ्याच्या दुखण्याने रुग्णालयात राहून आलेले निक्सन ओढल्यासारखे दिसतात, केनेडी ताजेतवाने. पुढची कित्येक वर्षं लोक या दोन चेहऱ्यांबद्दलच बोलणार आहेत. तुम्ही मात्र खुर्च्या मोजायला आला आहात. सूत्रसंचालक हॉवर्ड के. स्मिथ यांच्या दोन्ही बाजूंना एकेकच उमेदवार आहे. अध्यक्षपदाला इतरही उमेदवार उभे आहेत, पण ते इथे नाहीत. एका उमेदवाराला वेळ दिला तर बाकी सगळ्यांनाही तेवढाच द्यावा लागेल, असा प्रसारणाचा कायदा होता. अमेरिकी काँग्रेसने तो या निवडणुकीपुरता बाजूला ठेवला, तेव्हा कुठे हा कार्यक्रम उभा राहिला. म्हणजे बाकीच्यांना दाराबाहेर ठेवायची सोय आधी झाली, चर्चा नंतर.

निघताना निवेदकाला विचारा, पुढची चर्चा कधी? त्याला माहीत नाही, तुम्हाला आहे : 1976 मध्ये. मधल्या तीन निवडणुका कोरड्या जाणार. 1964 मध्ये जॉन्सन पुढे होते. 1968 आणि 1972 मध्ये खुद्द निक्सन. जो पुढे आहे, त्याला शेजारी कोणी उभं केलेलं चालत नाही. वहीत टिपून ठेवा.

आता परत बेंगळुरूला, मार्च 1977. बसवनगुडीतल्या एका ओसरीवर ट्रान्झिस्टरभोवती माणसं बसली आहेत. आणीबाणी अजून कागदोपत्री उठलेली नाही. या शहरात टीव्ही केंद्र 1981 मध्ये येणार, त्यामुळे गेल्या महिन्यात दिल्लीत विरोधकांच्या सभेच्या वेळी दूरदर्शनने लावलेला ‘बॉबी’ चित्रपट इथल्या कोणी टीव्हीवर पाहिलेला नाही. पण किस्सा सगळ्यांना पाठ आहे. आकाशवाणीही सरकारचीच. ऑगस्टमध्ये प्रसारमाध्यमांच्या गैरवापराची श्वेतपत्रिका निघेल, आणि या ओसरीवरचे लोक म्हणतील, यात नवीन काय?

दक्षिण बेंगळुरूतून जनता पक्षाचे उमेदवार आहेत के. एस. हेगडे. सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठता डावलली गेली म्हणून 1973 मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडलेले न्यायमूर्ती. कर्नाटकातल्या 28 पैकी 26 जागा काँग्रेस घेईल. उरलेल्या दोनांत एक हेगडेंची असेल, आणि जुलैत ते लोकसभेचे अध्यक्ष होतील. न्यायाधीश, उमेदवार, सभाध्यक्ष : तिन्ही भूमिका एका माणसाच्या वाट्याला आल्या, पण एकामागून एक. एका वेळी एकच. आकाशवाणीच्या बाबतीत तेच घडलेलं नव्हतं. सरकार मैदानाचं मालकही होतं आणि खेळाडूही. निवडणुकीत पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर वेळ देण्याची प्रथा सुरू होते ती याच वर्षी.

पुढचा मुक्काम जरा लांब थांबण्यासारखा आहे. उन्हाळा 1996, बेळगाव. खडेबाजारातून चालत जा. भिंती रंगल्या आहेत, आणि नावं संपता संपत नाहीत. लोकसभेच्या या एका जागेसाठी 456 उमेदवार उभे आहेत. सीमाप्रश्न दिल्लीच्या कानावर घालायला दुसरी वाट उरली नाही, म्हणून मराठी भाषिकांनी अर्जांचा पाऊस पाडलाय. डिपॉझिट 500 रुपये. यांतल्या बहुतेकांना आपण पडणार हे माहीत आहे. ते निवडून यायला उभेच राहिलेले नाहीत. मतपत्रिका हाच त्यांचा फलक आहे.

आता तुमची वही उघडा. प्रत्येकाला दोन मिनिटं दिली तर 912 मिनिटं होतात : 15 तास 12 मिनिटं, चहापाण्याविना. अशक्य. मग काढा कात्री. फक्त मान्यताप्राप्त पक्षांना बोलवायचं? बेंगळुरूच्या कचेरीत बसून हा निकष फार शहाणपणाचा वाटेल. इथे खडेबाजारात उभं राहून त्याचा अर्थ वेगळा आहे : मोठ्या पक्षांना ज्या प्रश्नाला हात लावायचा नाही, नेमका तोच प्रश्न व्यासपीठावरून जाईल, आणि कोणी काढला हे कोणाला सांगताही येणार नाही. मग सर्व्हेत अमुक टक्के मतं मिळवणाऱ्यांना बोलवायचं? अमेरिकेत पुढे 15 टक्क्यांची अट येणार आहे. पण सर्व्हे कोणाचा, पैसे कोणाचे, आणि मतदारसंघात किती लोकांना विचारलं? वाहिनीच्याच सर्व्हेने वाहिनीचेच पाहुणे निवडायचे, तर आपण 1977 च्या ओसरीवर परत आलो.

अर्ज भरून झाल्यावर निकष काढलात, तर तो कितीही चांगला असला तरी कोणाच्या तरी तोंडाकडे बघून काढल्यासारखाच दिसेल. दिल्लीने आपलं उत्तर त्याच वर्षी दिलं : लोकसभेचं डिपॉझिट 10,000 रुपये झालं, 2010 मध्ये 25,000, आणि मान्यताप्राप्त पक्षाचा नसलेल्या उमेदवाराला दहा सूचक लागू लागले. मतपत्रिका आटोपशीर झाली. सीमाभागाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

एप्रिल 2008. बेंगळुरू दूरदर्शन केंद्राचा स्टुडिओ. मतदारसंघांची फेररचना झाल्यावरची ही कर्नाटकातली पहिली विधानसभा निवडणूक, आणि शहराचं मतदान 10 मे रोजी आहे. थंडगार स्टुडिओत एक पक्षप्रतिनिधी कॉलर माईक लावून बसलाय. त्याचं भाषण आधीच लिहून, तपासून आलंय. फ्लोअर मॅनेजर बोटांनी उरलेली मिनिटं दाखवतो.

इथे मात्र नियम आहेत, आणि ते वाचण्यासारखे आहेत. पक्षांना वेळ देण्याची ही योजना 1998 पासून निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली चालते. 2003 मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात 39-अ हे कलम घालून वेळेच्या वाटपाला कायद्याचा आधारही दिला गेला. आधी प्रत्येक मान्यताप्राप्त पक्षाला सारखाच मूळ वेळ, साधारण 45 मिनिटं. बाय-टू कॉफी ओतताना दोन्ही पेले डोळ्यांसमोर धरून बघावेत तितका काटेकोर. त्यावरचा वेळ गेल्या निवडणुकीतल्या मतांच्या प्रमाणात. एका बैठकीत 15 मिनिटांहून जास्त नाही. कोणाचा नंबर कधी, हे पक्षांच्या प्रतिनिधींसमोर चिठ्ठ्या टाकून ठरतं. पक्षपाताचा आरोप करायला फट ठेवलेली नाही.

पण समोर बसून ऐका. न्यायालयाचा अवमान नको, जातिधर्मावर हल्ला नको, हे ठीकच. त्याच यादीत आणखी एक अट आहे : कोणाही व्यक्तीवर नाव घेऊन टीका करायची नाही. त्यामुळे माणूस रस्त्यांबद्दल बोलतो, रस्ते कोणाच्या काळात उखडले ते सांगत नाही. योजनेत चर्चेचीही तरतूद आहे, फार तर दोन कार्यक्रम. त्यात प्रत्येक पक्षाने आपला एक प्रतिनिधी पाठवायचा, समन्वयकाचं नाव आयोग मंजूर करणार. म्हणजे तुमच्या मतदारसंघातला उमेदवार तुम्हाला इथे दिसणारच नाही. वेळ पक्षाचा, आणि मत तुम्ही देणार एका माणसाला. कोणावरही अन्याय न होता कार्यक्रम पार पडतो, आणि बघणारे चॅनल बदलतात.

दोन ठिकाणी नुसतं डोकावून या. जानेवारी 2015, दिल्ली : केजरीवाल किरण बेदींना जाहीर चर्चेचं आव्हान देतात, बेदी म्हणतात, चर्चा विधानसभेत करू. मे 2024 : न्यायमूर्ती मदन लोकूर, न्यायमूर्ती अजित शहा आणि पत्रकार एन. राम पंतप्रधान आणि राहुल गांधी यांना एका व्यासपीठावर येण्याचं पत्र पाठवतात. राहुल गांधी दोन दिवसांत होकार कळवतात. चर्चा होत नाही. पत्र लिहिणारे नावाजलेले, हेतू स्वच्छ. पण तारीख पाहा. तोवर मतदानाचे तीन टप्पे उरकलेले होते. धावपट्टीवर विमान पळायला लागल्यावर तिकिटाचे नियम लावता येत नाहीत.

आता शेवटचा प्रवास, पुढे. एप्रिल 2028, बेंगळुरू. विधानसभेची मुदत संपत आली आहे. टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून आत या. 1935 सालच्या या सभागृहाने सत्कार पुष्कळ पाहिलेत; आज इथे एका मतदारसंघातले उमेदवार समोरासमोर बसणार आहेत. हे अजून घडलेलं नाही, त्यामुळे व्यवस्था तुमच्या हातात आहे. वहीतलं एकेक पान उलटत चला.

आयोजक कोण? मैदान ज्याचं नाही असा कोणी : वाहिनी नाही, सरकारी खातं नाही, देणगीदार कंपनी नाही. निवृत्त न्यायाधीश, एखादं विद्यापीठ, नागरिकांची संघटना असं मंडळ. चित्रण एकच, आणि ते मागेल त्या वाहिनीला फुकट. कॅमेरा कोणाच्या घामावर किती सेकंद थांबायचा, तेही आधी लिहिलेलं.

खुर्च्या किती? मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, आणि त्यांच्या जोडीला दोन खुर्च्या अपक्षांसाठी राखीव. त्या सर्व्हेने भरायच्या नाहीत. मतदारसंघातल्या सर्वाधिक मतदारांच्या सह्या जो आणेल त्याला. बाकी प्रत्येकाचं एक मिनिटाचं निवेदन चित्रित करून दाखवायचं. बेळगावचे 456 सुद्धा 7 तास 36 मिनिटांत बसले असते, एका रविवारी.

भाषा कोणती? बोलणाऱ्याची त्याला हवी ती. बहुतेक जण कन्नडमध्ये बोलतील. ऐकणाऱ्यासाठी उर्दू, तमिळ, तेलुगू, इंग्रजी, आणि बेळगावच्या चर्चेत मराठी, असा अनुवाद पडद्यावर. उच्चारांची परीक्षा इथे होणार नाही. नाव घेऊन टीका? खुशाल करावी, ज्याचं नाव घेतलं त्याला लगेच एक मिनिट. घड्याळ सगळ्यांना दिसेल असं टांगलेलं, वेळ संपली की माईक बंद, मग तो आमदाराचा असो की पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या मुलीचा. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत कलम 126 मुळे निवडणुकीचा मजकूर टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणून कार्यक्रम त्याच्या कितीतरी आधी.

आणि जो पुढे आहे तो आलाच नाही तर? दोघे जरी आले तरी चर्चा होईल, एकट्यावर होणार नाही. एकट्याची ती प्रचारसभा झाली. न आलेल्याची खुर्ची नावासकट तिथेच राहील. निमंत्रण कोणत्या तारखेला गेलं, उत्तर काय आलं, हे सुरुवातीला एकदा वाचून दाखवायचं. त्याच्या वाट्याची मिनिटं प्रतिस्पर्ध्यांत वाटायची नाहीत. त्या वेळात मतदारांचे प्रश्न वाचायचे : पाण्याचा टँकर, तलावाचा फेस, मेट्रोचा खांब.

पहिल्या वर्षी पुढारी येणार नाहीत. दुसऱ्या वेळीही कदाचित नाहीत; अमेरिकेतही 16 वर्षं लागली. पण ‘मला मुद्दाम वगळलं’, ‘माझ्यासाठी सापळा रचला’ हे म्हणण्याची सोय त्यांच्याकडे उरणार नाही, कारण नियम छापले गेले तेव्हा ते उमेदवार आहेत की नाहीत हेच कोणाला ठाऊक नव्हतं. आत्ता जो पुढे आहे त्यालाही, उद्या आपण मागे असू या धास्तीने, तेव्हाच न्याय्य नियम मान्य होतात.

म्हणून टाऊन हॉलचं आरक्षण नंतर करा. आधी नियमांचं ते चार पानी पत्रक छापा, सगळ्या पक्षांच्या कचेऱ्यांत पोचवून पोचपावती घ्या, आणि हे सगळं तिकीटवाटपाच्या किमान सहा महिने आधी उरका. बंडखोर कोण होणार, अपक्ष कोण उभा राहणार, कोण पुढे आणि कोण मागे, हे कळेपर्यंत थांबलात, तर 1 मे 2018 चीच 15 मिनिटं नव्याने ऐकावी लागतील.