पैनगंगा ओलांडून लक्नवरमच्या बेटांवर : तिकीट, रस्ता आणि मुक्काम

बेटावर सुट्टी म्हटलं की अंदमान डोळ्यापुढे येतं, आणि लगेच विमानाचं भाडंही. यवतमाळ, नांदेड, आदिलाबादकडच्या कुटुंबांना त्यापेक्षा जवळ एक जागा आहे : तेलंगणाच्या मुलुगु जिल्ह्यातला लक्नवरम तलाव. काकतीय काळातल्या या तलावात १३ बेटं आहेत. झुलत्या पुलावरून बेटावर जाता येतं, होड्या आहेत, मुक्कामाचीही सोय आहे.

रस्ता : पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगणा लागतो. पुढे आदिलाबाद, गुडीहत्नूर, निर्मल. निर्मलहून डावीकडे खानापूर, जगतियाल, करीमनगर, हनमकोंडा, मुलुगु. गोविंदरावपेटच्या अलीकडे चल्वाईजवळ तलावाचा फाटा आहे. एका दिवसात जाऊन येणं जमत नाही, किमान एक मुक्काम धरावा. गडचिरोलीकरांना सिरोंचा-काळेश्वरम पुलावरून भूपालपल्लीमार्गे जवळ पडतं.

बसचं तिकीट : खरा फरक इथंच पडतो. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून महिलांना पल्लेवेलुगु आणि एक्सप्रेस बसमध्ये मोफत प्रवास आहे, तोही तेलंगणाच्या हद्दीतच आणि तेलंगणाचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवल्यावरच. त्यामुळे गुडीहत्नूरची वहिनी शून्य रुपयांच्या तिकिटावर मुलुगुपर्यंत जाते. शेजारच्या सीटवर बसलेल्या पांढरकवड्याच्या नणंदेला पूर्ण भाडं पडतं. सुपर लक्झरीत मात्र दोघींनाही पैसे मोजावे लागतात. खर्चाचा हिशेब घरूनच माणसागणिक मांडलेला बरा.

गाडी : स्वतःच्या गाडीला चार दिवसांच्या सहलीसाठी वेगळी नोंदणी लागत नाही, आरसी, विमा, पीयूसी जवळ असावं. भाड्याची गाडी ठरवताना ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते आधी विचारा. नसेल तर तात्पुरता परमिट आणि कर लागतो. तो कोण भरणार, हे इसार देण्याआधी बोलून घ्या. परतताना दारूची बाटली आणू नये. दोन राज्यांचे उत्पादन शुल्क वेगळे आहे, गडचिरोलीत तर १९९३ पासून दारूबंदी आहे.

कधी जावं : हा तलाव मुळात शेतीच्या पाण्यासाठी. पावसाळा सरता सरता तो भरलेला असतो, उन्हाळ्यात पाणी उतरतं. ऑक्टोबर ते जानेवारी चांगला काळ. दर दोन वर्षांनी माघ पौर्णिमेच्या सुमारास मेडारमची सम्मक्का-सारलम्मा जत्रा भरते. तेव्हा याच रस्त्यावर प्रचंड गर्दी असते. होडीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नये.

वाटेत : नेरडीगोंडाजवळ सुमारे ४५ मीटरचा कुंतला धबधबा आहे. काठावरचे दगड निसरडे, खाली डोह खोल, लांबूनच पाहावा. मुलुगु जिल्ह्यातच पालमपेटला १२१३ सालचं रामप्पा मंदिर आहे, २०२१ पासून जागतिक वारसा यादीत.

भाषा : गुडीहत्नूरपर्यंत मराठी चालते. निर्मलनंतर तेलुगू, नाहीतर हिंदी. वाट विचारताना ‘लक्नवरम चेरुवु’ म्हणावं. चेरुवु म्हणजे तलाव.